पाठीचा पाठ

जगांतील कित्येक कामें अशीं आहेत कीं, तीं उत्तम झालीं म्हणजे कोणाच्याच लक्षांत येत नाहींत. वैद्यानें ताप उतरविला तर घरोघर त्याचें नांव होतें; शल्यवैद्यानें मोडलेलें हाड सांधलें तर त्याच्या हाताची कीर्ति गांवभर पसरते. परंतु महिना-दीड महिना अंथरुणाला खिळलेली एखादी म्हातारी घरीं परतली आणि तिची पाठ जशी गेली तशीच शाबूत आली, तर त्याबद्दल कोणीं पेढे वाटल्याचें आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. जें घडलेंच नाहीं त्याचे आभार कोण मानणार? उलट तीच पाठ कोठें फुटली, तर "नर्सांनीं लक्ष दिलें नाहीं" हें वाक्य भेटीला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं तयार असतें. यशाला धनी नाहीं आणि अपयशाचा धनी मात्र आधींच ठरलेला, असें हें काम. तें करणारीला तें कसें शिकवावें, आणि तिच्या हातांत अगोदरच दहा कामें असतां शिकवावें तरी केव्हां, ह्याचा विचार करण्याचें आमच्यासारख्या गृहस्थाला एरवीं कांहीं कारण नव्हतें. पण मध्यंतरीं तसा प्रसंग आला.

आमची आत्या ८१ वर्षांची. न्हाणीघरांत पाय घसरून तिचा खुबा मोडला. हृदय अशक्त म्हणून शस्त्रक्रिया लांबली, मागाहून कफानें छाती धरली, आणि अशा रीतीनें पुण्यांतील एका मोठ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डांत तिला पांच आठवडे काढावे लागले. दिवसा आम्ही आणि रात्रीं घरांतील स्त्रिया अशी पाळी आम्हीं लावली होती. रुग्णाजवळ बसणाऱ्याला वेळ पुष्कळ आणि काम थोडें असतें. त्यामुळें डोळे व कान आपोआप उघडे राहतात. ह्या पांच आठवड्यांत जें पाहिलें व पुढें त्या नादानें जें वाचलें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

डॉक्टर ज्याला शय्याव्रण म्हणतात व सारा वॉर्ड ज्याला बेडसोअर म्हणतो, ती जखम बाहेरून येत नाहीं. रुग्णाचें स्वतःचें वजनच ती करतें. हाड व कातडी ह्यांच्यामध्यें मांस पातळ असतें अशा जागा शरीरावर ठरलेल्या आहेत: माकडहाड, खुब्याची बाजू, टाच, घोटा, कोपर, डोक्याची मागची बाजू. माणूस एकाच अंगावर पडून राहिला म्हणजे तेथील बारीक रक्तवाहिन्या हाड व गादी ह्यांच्या चिमटींत सांपडतात, रक्त पोंचत नाहीं, आणि कांहीं तासांत तेथील मांस मरूं लागतें. निरोगी माणसाला हें भय नाहीं, कारण त्याचें शरीरच तें भान ठेवतें. गाढ झोपेंतही तो नकळत कूस बदलतो. ज्याची संवेदना गेली, ज्याला हलण्याचें बळ उरलें नाहीं किंवा जो औषधाच्या गुंगींत आहे, त्याच्या वतीनें हें भान दुसऱ्या कोणीं तरी ठेवावें लागतें. त्यांतही कठीण हें कीं, नाश पुष्कळदां खोल हाडालगत सुरू होतो आणि कातडीवर मागाहून दिसतो. वर दिसणारा रुपयाएवढा डाग हा कित्येकदां आंतल्या मोठ्या पोकळीचें केवळ झांकण असतो.

ही आपत्ति दैवाधीन कीं माणसाच्या हातची, ह्याविषयीं एकोणिसाव्या शतकांत मोठा मतभेद होता. पॅरिसचे प्रख्यात वैद्य शार्को ह्यांचें मत असें कीं, मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे तंतूंच्या बिघाडामुळेंच असा व्रण उठतो. हें मत मानलें म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांनीं हात जोडून बसावें एवढेंच उरतें. पण शार्कोंच्या आधींच ब्राउन-सेकार ह्यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांवरून दाखविलें होतें कीं, दाब व ओलावा टाळला तर पक्षाघात असूनही व्रण होत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनीं १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील आपल्या लहानशा पुस्तकांत तर शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असें स्पष्टच म्हटलें. ह्या वादाचा निकाल प्रत्यक्ष कृतीनें लावला तो लुडविग गटमन ह्यांनीं. युद्धांत कणा मोडलेल्या सैनिकांसाठीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें १९४४ सालीं जें केंद्र निघालें, त्याचे ते प्रमुख. त्यांनीं नियम घातला कीं, दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रींही, प्रत्येक रुग्णाला वळविलेंच पाहिजे. ज्यांना लोक थोड्या दिवसांचे सोबती समजत, त्यांतील पुष्कळ पुढें कामाधंद्याला लागले. आणि त्याच रुग्णालयाच्या आवारांत १९४८ सालीं भरलेल्या स्पर्धांतून आजचे पॅरालिंपिक सामने उदयास आले. इतक्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशीं माणसाला वेळेवर कुशीवर वळविणें ही इतकी साधी गोष्ट होती!

मग उपाय ठाऊक होऊन इतकीं वर्षें लोटलीं तरी पाठी फुटतात कां? ह्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं, गणितांत आहे. समजा, ४० खाटांच्या वॉर्डांत १० रुग्ण असे आहेत कीं त्यांना स्वतः वळतां येत नाहीं. बारा तासांच्या रात्रींत दर दोन तासांनीं म्हटलें तर प्रत्येकाला ६ वेळां, म्हणजे एकूण ६० वेळां वळवावें लागणार. दर वेळीं दोन माणसें व पांच मिनिटें धरलीं, तर दोघींचे पांच तास केवळ ह्यांतच जातात. आणि रात्रपाळीला बहुधा असतात त्या दोघीच! सलाइन, इंजेक्शनें, नाडी, रक्तदाब, मध्यरात्रीं येणारा नवा रुग्ण, आणि ह्या सर्वांच्या लेखी नोंदी उरलेल्या वेळांत करावयाच्या. तेव्हां नाइटिंगेलबाईंच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडणें आम्हांस अवश्य वाटतें: शुश्रूषेचा दोष म्हणजे शुश्रूषा करणारीचाच दोष, असें समजूं नये.

आपल्याकडे एके काळीं भल्या घरच्या मुली ह्या कामाला जातील तरी कशा, असा प्रश्न होता. १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारें रमाबाई रानडे ह्यांनीं तो सोडविण्यास हात घातला, आणि मुली ससून रुग्णालयांत हें शिक्षण घेऊं लागल्या. तो प्रश्न आतां इतिहासजमा झाला. आजचा प्रश्न निराळा आहे. शिकून नोकरीला लागलेल्या परिचारिकेला पुढें कोणीं, केव्हां व कसें शिकवावें? ज्ञान तर दरवर्षीं बदलतें, आणि तिला मान वर करण्यास फुरसत नाहीं.

ह्याचें प्रचलित उत्तर म्हणजे व्याख्यान. आम्ही तेथें असतांना असें एक व्याख्यान झालें. त्याची सूचना वॉर्डाच्या दारावर डकविली होती. वेळ दुपारीं दोनची. दोनला सकाळपाळी सुटते आणि दुपारपाळी लागते. ज्या सुटत होत्या त्या सातांपासून उभ्या होत्या व त्यांचीं मुलें शाळेंतून परतण्याची वेळ झाली होती. ज्या येत होत्या त्यांना वॉर्ड सोडतां येत नव्हता. रात्रपाळीच्या तर घरीं झोपलेल्या. आमच्या खाटेवरून जातां जातां एक मुलगी दुसरीला म्हणाली, "तूं जा ना, माझीपण सही करून ये." आम्हांस हसूं आलें, पण त्या मुलीला नांवें ठेवण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. व्याख्यान चांगलेंच झालें असेल. पण ज्या हातांसाठीं तें होतें ते हात त्या वेळीं बेडपॅन उचलीत होते.

त्या वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांची रीत ह्याहून वेगळी होती, आणि आमच्या ह्या लेखाचा खरा विषय तीच आहे. पाळी बदलतांना जुन्या व नव्या परिचारिका मिळून खाटेखाटेवरून फिरतात व रुग्णाची हकीकत एकमेकींना सांगतात. हें फिरणें व्हावयाचेंच असतें. त्यासाठीं कोणाला बोलवावें लागत नाहीं. ह्या फेरींत सिस्टर रोज एकाच खाटेपाशीं थांबत, एकच गोष्ट दाखवीत, आणि पांच मिनिटांत पुढें निघत. रोज एक खाट, एक गोष्ट. पडदा ओढला जाई, आणि आम्ही बाहेर बसून ऐकत असूं.

एके दिवशीं त्यांची खाट म्हणजे आमची आत्याच. "आजी, जरा कुशीवर होऊं या हं," असें म्हणून त्यांनीं तिला वळविलें आणि मुलींना विचारलें, "पुस्तकांत काय लिहिलंय? आधीं लाली दिसते. बोट दाबलं कीं पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक. दाबूनही लाल राहिली तर इजा सुरू झाली. बरोबर? आतां ह्या आजींच्या पाठीवर मला लाली दाखवा बघूं." कोणालाच दाखवितां येईना. आत्याचा वर्ण चांगलाच सांवळा. सिस्टर म्हणाल्या, "गोऱ्या कातडीसाठीं लिहिलेलं वाक्य आहे तें. इथं डोळ्यांवर विसंबूं नका. हाताची मागची बाजू लावा. शेजारच्या जागेपेक्षां गरम लागतं का, गार लागतं का, टणक आहे का, चिखलासारखं मऊ आहे का, आणि हात लावल्यावर आजी तोंड वांकडं करतात का, एवढं बघा." अमेरिकेंतील ह्या विषयाच्या तज्ज्ञमंडळानें २०१६ सालीं शय्याव्रणाच्या पायऱ्यांची जी सुधारलेली व्याख्या केली, तींतही गडद वर्णाच्या त्वचेवर पहिलें चिन्ह निराळें दिसूं शकतें, असें नमूद केलेलें आम्हीं पुढें वाचलें. पण त्या मुलींना तें वाचून कळलें नाहीं. तें त्यांच्या बोटांना कळलें.

ह्याचा प्रत्यय चारच दिवसांनीं आला. त्या वॉर्डांतील सर्वांत नवखी मुलगी आत्याचा रक्तदाब पाहावयास आली होती. जातां जातां तिनें सहज टाचेखालीं हात घातला आणि ती थबकली. "सिस्टर, ही टाच मऊ लागतेय, आणि गरमही आहे." आम्हीं वांकून पाहिलें, आमच्या डोळ्यांना किंचित् काळसर छायेखेरीज कांहीं दिसलें नाहीं. तत्काळ पोटरीखालीं उशी देऊन टाच अधांतरीं ठेवण्यांत आली, आणि आठवड्याच्या आंत ती जागा पूर्ववत् झाली. म्हाताऱ्या माणसाच्या टाचेची जखम महिनेच्या महिने भरत नाहीं, आणि टाच गेली कीं पुन्हां उभें राहणेंही गेलें. आत्या पुढें काठी धरून चालूं लागली, तें शल्यवैद्यांचें कौशल्य खरेंच. पण त्यांत त्या मुलीच्या हाताचाही वाटा होता, आणि तो वाटा कोणत्याही कागदावर लिहिला गेलेला नाहीं.

नवख्यांना शिकविणें सोपें. ज्यांना येतें त्यांना शिकविणें कठीण. त्या वॉर्डांत वीस वर्षें नोकरी झालेल्या एक परिचारिका होत्या. त्यांच्या शिक्षणाच्या काळीं पाठीची निगा म्हणजे स्पिरिट चोळणें, पावडर लावणें व हाडाच्या जागा चांगल्या मळून काढणें, असा धडा होता, आणि तो त्या निष्ठेनें पाळीत. आजचें मत असें आहे कीं, जेथें इजा सुरू झाली आहे तेथें चोळल्यानें खालचे नाजूक तंतू अधिकच फाटतात, आणि स्पिरिटानें कातडी कोरडी पडते. सिस्टरांनीं हें सांगतांच त्या बाईंच्या स्वरांत दुखावल्याची छटा आली. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मीं हेंच केलं. माझ्या हातच्या किती पेशंटांच्या पाठी फुटल्या, सांगा." प्रश्न रास्त होता, आणि वॉर्डांत क्षणभर शांतता पसरली. अनेक शिक्षक अशा वेळीं अधिकारानें बोलतात. सिस्टर म्हणाल्या, "एकही नसेल, ताई. पण त्या तुमच्या स्पिरिटानं वांचल्या नाहींत. चोळायसाठीं तुम्ही दिवसांतून दोनदां पेशंटला वळवत होतां आणि पाठ डोळ्यांनीं बघत होतां, त्यानं वांचल्या. तें वळवणं सोडूं नका, तें बघणं सोडूं नका. फक्त चोळणं सोडा."

आम्हांस हें उत्तर फार मोलाचें वाटलें. जुन्या आचारांत पुष्कळदां असेंच असतें: समजलेलें कारण एक आणि गुण देणारें कारण दुसरें. सुधारक घाईनें आचारच मोडून टाकतो, तेव्हां त्याबरोबर तें दुसरें, न दिसलेलें कारणही जातें. स्पिरिट बंद करा असा नुसता हुकूम निघाला असता, तर स्पिरिटाबरोबर दिवसांतून दोनदां पाठ पाहणेंही बंद झालें असतें, आणि नव्या ज्ञानानें जुन्या अज्ञानापेक्षां अधिक पाठी फोडल्या असत्या. त्या बाईंनीं स्पिरिटाची बाटली कपाटांत ठेवली, पण आपली वेळ चुकविली नाहीं.

अशाच रीतीनें पांच-पांच मिनिटांत किती तरी गोष्टी आमच्या कानांवर आल्या. टाचेखालीं पाण्यानें भरलेला हातमोजा ठेवण्याची चाल चांगली नव्हे, कारण एवढ्याशा मोज्यानें दाब वांटला जात नाहीं. माकडहाडाखालीं ठेवलेली वाटोळी रिंग मधल्या जागेचें रक्त उलट कडेनें आवळते. रुग्णाला वर सरकवितांना चादरीवरून ओढूं नये, उचलावें. ओढण्यांत कातडी मागें राहते आणि हाड पुढें जातें. कुशीवर अगदीं काटकोनांत निजवूं नये, पाठीशीं उशी देऊन ३० अंशांइतकेंच कलतें करावें, म्हणजे ना माकडहाडावर भार, ना खुब्यावर. म्हाताऱ्या कातडीवरची चिकटपट्टी एका हातानें कातडी धरून हळू सोडवावी, ओरबाडूं नये. हवेच्या गादीनें मदत होते, पण गादी घेतली म्हणजे वळविण्यापासून सुटका झाली असें समजूं नये.

पलीकडच्या खाटेवर बांधकामाच्या परांचीवरून पडून कमरेखालीं लुळी झालेली एक तरुण स्त्री होती. दूरच्या गांवीं महिनाभर घरींच राहिल्यामुळें माकडहाडावर तळहाताएवढी जखम घेऊन ती आली होती. शल्यवैद्यांनीं मेलेलें मांस काढलें होतें; पुढचें काम परिचारिकांचें. जखम उघडी टाकून सुकवावी, असें आपण सारे लहानपणापासून ऐकत आलों. परंतु १९६२ सालीं लंडनच्या जॉर्ज विंटर ह्यांनीं डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखविलें कीं, हवेंत खपली धरणाऱ्या वरवरच्या जखमेपेक्षां पातळ पडद्याखालीं ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानें पसरते. म्हणून तेथें जखम सलाइननें धुवून ओलसर ठेवीत, तिखट औषधें नव्या मांसावर ओतीत नसत, आणि दर सोमवारीं कागदी पट्टीनें मोजमाप घेऊन लिहीत. मोजमाप घेणें परिचारिकांनीं त्या मुलीच्या आईलाही शिकविलें होतें. लिहितां-वाचतां न येणारी ती माउली पट्टीवर नखानें खूण करी आणि मागच्या सोमवारच्या खुणेशीं ताडून पाही. खूण आंत सरकली कीं तिच्या चेहऱ्यावर जें दिसे, त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं.

मोजण्यावरून आठवलें. त्याच १९६२ सालीं डोरीन नॉर्टन ह्या इंग्रज परिचारिकेनें वृद्ध रुग्णांच्या अभ्यासांतून धोका मोजण्याची एक पद्धत बसविली: शरीरस्थिति, मनःस्थिति, चालणें, हलणें आणि मलमूत्रावरील ताबा ह्या पांच गोष्टींना प्रत्येकीं १ ते ४ गुण, एकूण २० पैकीं १४ किंवा कमी पडले तर रुग्ण धोक्यांत. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंत बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम ह्यांनीं सहा गोष्टींची पद्धत प्रसिद्ध केली. तींत ओलावा, आहार व घर्षण ह्यांचाही हिशेब आहे. हीं साधनें उत्तम. पण घाईच्या हातांत त्यांचाही कागद होतो. पाठ न पाहतां कालचाच आंकडा आज उतरविला, तर तो आंकडा पाठीचें रक्षण करीत नाहीं, फक्त लिहिणाऱ्याचें करतो. त्या सिस्टरांचा नियम होता, "आधीं हात, मग आंकडा."

आतां आमच्या वाचकांसंबंधीं. आपल्या देशांत रुग्णाच्या खाटेजवळ नातेवाईक असतोच, आणि तो बहुधा मोबाइल पाहत, फळें सोलीत किंवा डॉक्टरांची वाट पाहत बसलेला असतो. आम्हांस तेथें उशी कशी द्यावी, ओली चादर केव्हां बदलावी, उचलतांना हात कोठें घालावे, हें शिकविण्यांत आलें, आणि आमच्यासारख्या अनाडी माणसालाही तें आठवडाभरांत जमलें. परिचारिकेचें काम नातेवाइकांवर ढकलावें असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रींच्या दोघींच्या जागीं चौघी हव्यात, आणि त्या पांच मिनिटांच्या शिक्षणाची गणना फावल्या वेळांत न होतां कामांत व्हावयास हवी. ही मागणी सुशिक्षित कुटुंबांनींच केली पाहिजे, कारण खाटेवर पाळी कधीं तरी आपली येणारच. पण तोंवर निदान एवढें करावें. रुग्णाला भेटावयास गेल्यावर "डॉक्टर काय म्हणाले?" हा प्रश्न आपण सारेच विचारतों. त्याच्या जोडीला "आज पाठ पाहिली का?" हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर येण्यापूर्वीं रुग्णाला वळवावयास स्वतःचे दोन हात पुढें करावे. दोषारोपाच्या स्वरांत विचारलेल्या प्रश्नानें परिचारिका दुरावते. हात पुढें करून विचारला तर तीच आपल्याला शिकविते.